पहाटे तीनला कोण कोण जागं असतं? (पाळी जाण्याचं वय आणि झोप)

पहाटवारा | सोमवार, रात्री ३:२६

वेळ बघून हसू नका, विषयच तो आहे.

मी मंगळवार पेठेत राहते. वय ४८, पतसंस्थेत कॅशियर. रात्री अकराला पडल्या पडल्या झोप लागते, त्याची तक्रार नाही. पण गेले आठ महिने अडीच-तीनच्या सुमाराला जाग येते. आधी छातीत धस्स होतं, कुणीतरी हाक मारल्यासारखं. मग मानेमागून ऊब चढत कानांपर्यंत येते आणि दोन-तीन मिनिटांत गाऊनची पाठ ओलीचिंब. पंखा पाचवर करायचा. घाम वाळला की लगेच हुडहुडी, मग पंखा बंद. बटणाच्या आवाजानं ह्यांना जाग येते, 'काय गं सारखं?' साडेचारला कुठं डोळा लागतो, तेवढ्यात नळाला पाणी येतं आणि मोटर लावायला उठावं लागतं.

पाळीचं काही खरं नाही. कधी दोन महिने पत्ता नाही, कधी वीस दिवसांत हजर. आली की नुसता पूर.

मागच्या आठवड्यात पाचशेचं एकच बंडल दोनदा मोजलं आणि दोन वेगळे आकडे आले. तिसऱ्यांदा साहेबांनी मोजलं. तेवीस वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं. बाथरूममध्ये जाऊन रडले. संध्याकाळी घराजवळच्या दवाखान्यात गेले, तर अर्ध्या मिनिटात 'टेन्शन घेता तुम्ही, वय झालं की चालायचंच' म्हणून अल्प्राझोलाम (टेन्शनवर, झोपेसाठी देतात ती गोळी) लिहून दिली. पाळीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. चिठ्ठी पर्समध्येच आहे, गोळ्या आणल्या नाहीत.

गोळी सुरू करू का? आणि तुमच्यात कुणाला असं होतं का, की मी एकटीच घरभर भुतासारखी फिरते?

ऊसवाली | सोमवार, रात्री ३:४१

एकटी न्हवं ताई, मी पण जागाच हाय. शिरोळ तालुक्यात असतो. ह्या आठवड्यात रात्रीची लाइट हाय, मालक उसाला पाणी पाजायला गेल्यात. मला आधी वाटायचं त्यांच्या जाण्यायेण्यानं जाग येती. पण दिवसाची लाइट असली तरी तीनला डोळं टक्क उघडं. मग मी उठून कट्ट्यावर बसतो, वाऱ्यानं घाम वाळला की आत येतो. कुत्र्याला बी सवय झालीया, शेजारी येऊन बसतंय.

पुणेरी_पाटी | सोमवार, सकाळी ७:०५

ऊसवाली, आयडी बाईचा आणि 'मी बसतो', 'मी येतो'? आपण नक्की कोण? धागा बायकांसाठी आहे ना?

तिखटजाळ | सोमवार, सकाळी ७:३०

पाटीकाका, आमच्या भागातल्या बायका 'मी आलो, मी गेलो'च म्हणतात. माझ्या सासूबाई जन्मभर 'मी जेवलो' म्हणाल्या, चार पोरांच्या आई होत्या. शंका फिटली असेल तर विषयावर या.

पहाटवारा, माझी तऱ्हा पंचगंगेसारखी. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका असतो ना, तसं माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या की इशारा पातळी. तेवढ्यात उठून मानेवर ओला नॅपकिन ठेवला तर ठीक, नाहीतर उशी पाण्याखाली आणि मी स्थलांतरित, हॉलमधल्या दिवाणावर.

पुणेरी_पाटी | सोमवार, सकाळी ७:४४

काका नाही, काकू. वय ५२. ऊसवाली ताईंची माफी मागते. आणि हो, मलाही होत होतं. सविस्तर रात्री लिहिते.

तिखटजाळ | सोमवार, सकाळी ७:४६

हा हा, फिट्टंफाट!

निवृत्त_मास्तरीण | सोमवार, सकाळी ११:१०

मला हे सगळं जरा अति वाटतं. आमच्या आयांची पाळी गेली ती घरात कुणाला कळलीसुद्धा नाही. दिवसभर राबायच्या आणि पाठ टेकली की घोरायच्या. आता कष्ट नाहीत, रात्री बारापर्यंत हातात मोबाइल, मग झोप येणार कुठून? कडू लागेल, पण खरं आहे.

कट्टेकरी | सोमवार, दुपारी २:२५

मास्तरीणबाई, मोबाइलचं पटलं. बाकीचं नाही पटलं.

माझी आजी गडहिंग्लजकडची. तिची ख्याती अशी की पहाटे तीनला उठून दळायला बसायची, उजाडायच्या आत दोन पायली जोंधळा दळून व्हायचा. 'लई कामसू बाई' म्हणून भावकीत नाव होतं. आम्ही लहान होतो, तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचो. तिचं पोलकं भर थंडीत ओलं लागायचं, हे मला आजही आठवतं. जात्यामुळं घाम येतो असं आम्हाला वाटायचं. आता मी स्वतः पन्नाशीत आले आणि एका रात्री ओला गाऊन बदलताना एकदम ट्यूब पेटली. दळायचं होतं म्हणून ती उठत नव्हती. जाग यायची, म्हणून दळायची. तिला कुणी विचारलं नाही आणि तिनं कुणाला सांगितलं नाही, एवढंच.

निवृत्त_मास्तरीण | सोमवार, दुपारी ४:५०

कट्टेकरी, माझी आई पहाटे उठून सगळं घर सारवायची. आता मी गप्प बसते.

गोळीवाली | सोमवार, रात्री ९:१५

माझं औषधाचं दुकान आहे, म्हणून चिठ्ठीपुरतं बोलते. अल्प्राझोलाम एच-१ शेड्यूलमधलं, म्हणजे कडक नोंदीच्या यादीतलं औषध आहे. वेगळ्या रजिस्टरला डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, किती गोळ्या दिल्या हे लिहून ते तीन वर्षं जपावं लागतं. एवढी भानगड उगीच ठेवलेली नाही. थोडे दिवस घ्यायची गोळी आहे ती. काही आठवड्यांत शरीराला सवय होते, मग अर्धीची एक, एकीच्या दोन. आमच्याकडं 'शेजारणीची चिठ्ठी चालेल का' म्हणणाऱ्या बायका रोज येतात. ज्या आधीपासून घेताहेत त्यांनी हे वाचून एकदम बंद मात्र करू नका, त्यानंही त्रास होतो. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायची.

आणि पहाटवारा, एक विचारू? रात्री पाय शिवशिवतात का? म्हणजे दुखत नाहीत, पण सारखे हलवावेसे, कुणीतरी चेपावेसे वाटतात, उठून चाललं की बरं वाटतं, असं? अंगावरून जास्त जाणाऱ्या बायकांना हे विचारायचं मला दुकानातच कळलं.

स्टेथो | सोमवार, रात्री ११:४०

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. न तपासता कुणाला औषध सांगणार नाही, पण थोडं समजावून सांगते, म्हणजे पुढच्या वेळी दवाखान्यात अर्ध्या मिनिटात उठून येणार नाही.

सलग बारा महिने पाळी आली नाही की 'पाळी गेली' म्हणायचं. आपल्याकडं हे साधारण ४६-४७ च्या आसपास होतं. त्याच्या आधीची काही वर्षं जास्त धांदलीची असतात, पहाटवारा त्यात आहेत. मेंदूत अंगाचं तापमान सांभाळणारी एक जागा आहे. एरवी अंग किंचित तापलं तर ती फारसं मनावर घेत नाही. इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन खालीवर व्हायला लागलं की तिची सहनशक्ती आकसते. जरा कुठं ऊब वाढली की 'आग लागली' समजून कातडीकडं रक्त सोडते, घाम काढते. मग अंग गरजेपेक्षा गार पडतं, म्हणून हुडहुडी. याच काळात प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोनही घटतं. त्याच्यापासून मेंदूला शांत करणारा एक पदार्थ तयार होतो, तोही कमी पडतो. त्यामुळं घाम आला नाही तरी झोप पातळ होते.

पण रात्रीची प्रत्येक जाग या खात्यावर टाकू नका. थायरॉइड वाढलं तरी घाम आणि धडधड होते. पुराएवढी पाळी जात असेल तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगात साठलेल्या लोहाचं माप) बघायलाच हवं. गोळीवाली म्हणतात ती पायांची शिवशिव लोह कमी असण्याशी जोडलेली असते, आणि त्या त्रासात फेरिटिन ७५ पर्यंत असलं तरी आम्ही लोह देण्याचा विचार करतो, लॅबचा कागद 'नॉर्मल' म्हणत असला तरी. आणि एकदा पाळी जाऊन वर्ष झाल्यावर डाग जरी दिसला तरी 'परत आली वाटतं' म्हणून घरी बसायचं नाही. लगेच दाखवायचं.

योगिनी_५५ | मंगळवार, सकाळी ६:२०

डॉक्टर, चांगलं लिहिलंत. पण शेवटी सगळं गोळ्या-तपासण्यांवरच येतं. मी रोज पहाटे रंकाळ्यावर शीतली प्राणायाम घेते. नियमानं श्वास घ्या, घाम पळून जाईल. निसर्गाच्या कामात हार्मोनच्या औषधांची लुडबुड कशाला? त्यानं कॅन्सर होतो, हे जगजाहीर आहे.

स्टेथो | मंगळवार, दुपारी १:५०

योगिनीताई, सांधे, मन, वजन यांसाठी तुमचा रंकाळा उत्तमच. पण घामाच्या लाटांपुरतं बोलायचं तर नॉर्थ अमेरिकन मेनोपॉज सोसायटीनं २०२३ साली हार्मोनशिवायच्या सगळ्या उपायांची छाननी केली. त्यात योग आणि संथ श्वसन यांची शिफारस त्यासाठी झालेली नाही. सोयाचीही नाही. शिफारस झाली ती विचार-वर्तन उपचारांची, वजन कमी करण्याची, आणि काही औषधांची.

कॅन्सरची भीती २००२ पासूनची. अमेरिकेत एक मोठा अभ्यास त्या वर्षी मध्येच थांबवला. दोन्ही हार्मोन एकत्र घेणाऱ्यांत वर्षाला दहा हजारांमागं स्तनाच्या कर्करोगाचे ८ जास्त रुग्ण दिसले. खोटं नाही ते. पण त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेली. साठीच्या आतल्या किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आतल्या, दुसरा धोका नसलेल्या बाईला त्रास खूप असेल तर हिशेब बहुतेक वेळा फायद्याकडं झुकतो, असं आता मानतात. ज्यांना स्तनाचा कर्करोग झालाय, रक्तात गुठळी झालीय, यकृताचा आजार आहे किंवा रक्तस्रावाचं कारण कळलेलं नाही, त्यांना देत नाही. गर्भाशय असेल तर नुसतं इस्ट्रोजेन चालत नाही, सोबत प्रोजेस्टेरॉन लागतं. म्हणजे सरसकट अमृतही नाही आणि विषही नाही.

योगिनी_५५ | मंगळवार, दुपारी २:१५

मला गुण आला, मी सांगितलं. बाकी ज्याचा त्याचा विश्वास.

बावड्याची_लेक | मंगळवार, रात्री १०:३०

गर्भाशयाचा विषय निघाला म्हणून लिहिते. ३८ व्या वर्षी माझी पिशवी काढली. जास्त जातंय म्हणून गेले होते. 'दोन मुलं झालीत ना, मग कशाला ठेवायची कटकट' असं म्हणाले. दोन्ही अंडाशयही काढले, ते मला डिस्चार्जच्या कागदावरून कळलं. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. तिसऱ्या आठवड्यात रात्री असा घाम सुटला की मला ताप उतरतोय असं वाटलं. वर्षभर झोपेचं खोबरं. नवरा म्हणायचा, मानसिक आहे. सासू म्हणायची, बाहेरचं आहे, जोतिबाला नेऊया. जोतिबाला जाऊनही आलो. डोंगरावर वारं छान होतं, तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

२०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा टीव्हीसमोर बसून मी पहिल्यांदा माझ्या बाबतीत काय झालं ते नीट जोडलं. मला कुणीच सांगितलं नव्हतं की अंडाशय गेले की पाळी जाण्याचा सगळा प्रवास एका रात्रीत होतो.

ऊसवाली | मंगळवार, रात्री ११:०२

बाई गं.

आमच्या इथल्या टोळीतल्या बायकांचं बी असंच ऐकलंय. पिशवी काढली, पंधरा दिवसांत परत कोयता हातात.

स्टेथो | मंगळवार, रात्री ११:३०

बावड्याची लेक, एवढ्या लवकर अंडाशय काढले असतील तर हाडांची आणि हृदयाची काळजीही लवकर घ्यावी लागते. कुणाकडं नियमित दाखवत नसाल तर जरूर दाखवा. तो डिस्चार्जचा कागद सोबत न्या.

घरचा_गडी | बुधवार, सकाळी ९:४०

पुरुष सदस्याला परवानगी आहे का? बायको ५०. पंख्यावरून आमच्यात दीड वर्ष शीतयुद्ध चाललंय. तिला पाचवर, मला एकवर. मी पांघरूण ओढतो, ती फेकते. हा धागा काल पूर्ण वाचला. मला वाटायचं ती माझ्यावर चिडून उठून जाते. नक्की काय करावं?

तिखटजाळ | बुधवार, सकाळी ९:५५

परवानगी आहे. शिक्षा म्हणून आज भांडी तुमच्याकडं.

करायचं सोपं आहे. दोघांची पांघरुणं वेगळी करा, तिच्या बाजूला छोटा टेबल फॅन ठेवा, आणि ते मऊ मऊ मिंक ब्लँकेट पाहुण्यांसाठी कपाटात टाका. त्यात घाम मुरत नाही, अंगावरच राहतो. मी आईची जुनी वाकळ काढली. तिच्या दोन सुती लुगड्यांची आहे, आत तिसऱ्याचे तुकडे. धाग्यांचे टाके इतके जवळजवळ की बोट फिरवलं तर ज्वारीचं शेत पेरल्यासारखं लागतं. घाम पिते, सकाळी उन्हात टाकली की तासात कोरडी, आणि थंडी वाजली तर पुरेशी जड. तीन हजारांचं ब्लँकेट हरलं तिच्यापुढं.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली | बुधवार, दुपारी ३:१०

माझं वेगळंच निघालं, म्हणून सांगते. वय ५४, पाळी जाऊन पाच वर्षं. घाम नाही, पण रात्री चार-पाचदा जाग, सकाळी डोकं जड, दुपारी बसल्या जागी पेंग. सगळे म्हणाले मेनोपॉज. मीही मानलं. मग पन्हाळ्यावर मुक्कामाला गेलो असताना लेकीनं माझं घोरणं मोबाइलवर टिपलं. घोरणं, घोरणं, मग एकदम सन्नाटा, मी मोजलं, वीस सेकंद. मग म्हैस पाण्यातून वर येते तसा आवाज. ऐकून मलाच घाम फुटला, तोही मेनोपॉजशिवाय.

घरीच तपासणी झाली. बोटाला चिमटा, छातीला पट्टा, नाकाशी नळी. तासाला २६ वेळा श्वास अडकत होता. पाळी गेल्यावर बायकांत याचा धोका वाढतो, आणि आपण 'थकवा' म्हणतो म्हणून चटकन पकडला जात नाही, असं डॉक्टर म्हणाले. आता रात्री मशीनचा मास्क लावते. नातू म्हणतो, आजी हत्ती झाली. होऊ दे. हत्ती सहा तास झोपतो.

कट्टेकरी | बुधवार, दुपारी ३:३०

म्हैस वाचून फुटले! यावरून आठवलं, गंगावेशीत रात्री म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन झोपा असं मला तिघांनी सांगितलंय. वर जायफळ.

गोळीवाली | बुधवार, दुपारी ४:०५

दूध प्या हो, कोल्हापुरात राहून दुधाला नाही कोण म्हणणार, फक्त घरी नेऊन उकळून प्या. पण जायफळ चिमूटभरच. जास्त झालं तर विषबाधा होते, भ्रम होतात, उलट्या होतात. एका काकूंनी अर्धं जायफळ उगाळून घेतलं होतं, रात्रभर घर गरगर फिरत होतं त्यांचं.

तिखटजाळ | बुधवार, दुपारी ४:२०

आणि रात्रीचा तांबडा? मला कुणीतरी सांगितलं, तिखट बंद कर. मी म्हटलं, मग आधारकार्डावरचा पत्ता पण बदलून द्या.

(खरं सांगते: रात्री नऊनंतर तांबडा खाल्ला की तीनची लाट हमखास. आता रविवारी दुपारीच उरकते. रात्री पांढऱ्यावर भागवते.)

पुणेरी_पाटी | बुधवार, रात्री १०:४५

उशीर झाला, पण लिहिते म्हटलं होतं.

माझे घाम वर्षभरात कमी झाले, तरी तीनची जाग राहिलीच. अंगाला सवय लागली होती. एका मानसोपचार तज्ज्ञाकडं झोपेसाठीची सीबीटी (स्टेथोंनी म्हटलेले विचार-वर्तन उपचार) केली, सहा बैठका. निद्रानाशावर आधी हेच करा, गोळी नंतर, असं अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेनं २०१६ सालीच सांगितलंय, हे मला तिथं कळलं.

मला वाटलं होतं, गप्पा मारतील. बाईंनी आधी दोन आठवडे वही लिहायला लावली. मी अंथरुणात साडेआठ तास असायची आणि झोपायची साडेपाच. मग म्हणाल्या, रात्री बाराच्या आत गादीवर जायचं नाही आणि सकाळी साडेपाचला उठायचंच, रात्री झोप झालेली असो वा नसो. मी म्हटलं, मला झोप कमी पडतेय आणि तुम्ही अजून कापताय? त्या म्हणाल्या, हो. मध्ये जाग आली आणि पडून कंटाळा आला तर उठायचं, दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात काहीतरी नीरस करायचं, पेंग आली की परत. घड्याळाचं तोंड भिंतीकडं. मी शेंगा फोडायची. पहिले दहा दिवस नरक होते. स्कूटी बंद ठेवली होती, तुम्हीही ठेवा. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री जाग आली, शेंगांचं सूप जवळ ओढलं आणि सात-आठ शेंगांतच डोळे मिटायला लागले. मग हळूहळू पंधरा-पंधरा मिनिटं वाढवून मिळाली. अपस्मार किंवा बायपोलर असेल तर हे मनानं करू नका, असं त्यांनी आधीच विचारून घेतलं होतं.

त्या काळात आमच्याकडं सगळ्या भाज्यांत दाण्याचं कूट होतं.

ऊसवाली | गुरुवार, रात्री ३:१२

पाटीकाकू, आमच्याकडं पाठवायच्या की शेंगा. पोतं भरून हायती. मी फोडतो, तुमी झोपा.

पहाटवारा | पाच आठवड्यांनी, रविवार, दुपारी १२:२०

धागा वर काढते. सगळ्यांना उत्तर देणं राहून गेलं.

गोळीवाली ताई, पाय शिवशिवायचे. घामाच्या गडबडीत मी त्याचा त्रास धरलाच नव्हता. उभं राहून काम असतं, म्हणून पाय बोलतात असं वाटायचं. तुमच्या प्रश्नानंतर दोन रात्री लक्ष ठेवलं, मग स्त्रीरोगतज्ज्ञांकडं गेले. जाताना स्टेथोंची पोस्ट कागदावर उतरवून नेली, तारखांसकट पाळीचा हिशेबही. वीस मिनिटं बोलल्या. हिमोग्लोबिन ९.८, फेरिटिन ११, थायरॉइड ठीक. सोनोग्राफीत गर्भाशयात छोटी गाठ दिसली, साधी आहे म्हणाल्या, त्यावर आणि रक्तस्रावावर उपचार चालू आहेत. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. जेवणाबरोबरचा चहा बंद, त्यानं लोह अंगी लागत नाही. हार्मोनचं मॅमोग्राफीनंतर ठरवू म्हणाल्या, मी 'नको'ही म्हटलेलं नाही आणि 'हो'ही.

तीनची जाग अजून येते. पण आठवड्यातल्या तीन-चार रात्री परत झोप लागते. पाय बऱ्यापैकी शांत झालेत. ह्यांनी धागा वाचला (मी उघडा ठेवला होता मुद्दाम) आणि न बोलता टेबल फॅन घेऊन आले. तो लावताना 'घरचा गडी कोण आहे गं, ओळखीचा वाटतो' असं विचारत होते. मोटर लावायला आता तेच उठतात.

ती पहिली चिठ्ठी अजून पर्सच्या आतल्या कप्प्यात आहे. नोटा मोजताना हाताला लागते.

तिखटजाळ, एक राहिलंच. माझ्याकडं आईची दोन लुगडी आहेत. वाकळ शिवून देणारं कुणी आहे का आता कोल्हापुरात? मला शिवता येत नाही.

बावड्याची_लेक | रविवार, दुपारी १२:४८

आमच्या गल्लीत एक मावशी आहेत, सत्तरीच्या. हातानंच शिवतात, मशीन लावत नाहीत. महिना लागतो पण. आत घालायला जुनं सुती काहीतरी द्यावं लागेल. व्यनि (खासगी निरोप) करते.

तिखटजाळ | रविवार, दुपारी १२:५५

मलाही करा. आमच्या वाकळेचा एक कोपरा उसवलाय.